पाणचक्कीचं पाणी कुणाचं?

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे एका वाडीत पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे, असं कळलं आणि दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि माझी बायको अनघा संगमनेरहून निघालो. अकोल्यापर्यंत रस्ता बरा आहे. पेट्रोल तिथेच भरून घ्या, पुढे नुसते खड्डे आणि वळणं. गाडी नसेल तर अकोल्याहून जीप मिळते.

गिरणी यमुनाबाईंची. नवरा गेल्यावर बंद पडलेली, त्यांनीच पुन्हा सुरू केली. वर ओढ्यात दगडांचा बांध. तिथून पाटाने आलेलं पाणी लाकडी चाकावर पडतं, जातं फिरतं आणि पाणी खाली परत ओढ्याला मिळतं. आधी सांगितलं तर ताज्या पिठाची बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा असं जेवणही मिळतं. आमचं दळण चालू होतं. अनघा जात्यापासून हलायला तयार नव्हती.

मधेच जातं थांबलं.

यमुनाबाई तडक पाटाच्या कडेने वर निघाल्या, मागे आम्ही. बांधावर एक माणूस पहारीने दगड उचकटत होता. मला वाटलं, कुणी परका असेल.

"माझा दीर हाय, किसन," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ओढ्याचं पानी सरकारचं," हात न थांबवता तो म्हणाला. "वळवायचं तर परवानगी लागती. तुमच्याकडं न्हाई."

"मी काय पानी पिते व्हय? चाक फिरवून परत ओढ्यातच सोडते."

"माझ्या मोटरीच्या खाली सोडता. माझी मोटर हाय त्यो मधला डोह आटला. कांदा वाळाया लागला माझा."

"आन तुझ्या मोटरीला हाय परवानगी?"

"हाय."

यमुनाबाई माघारी वळल्या. मला ते पटेना. पाणी उपसणाऱ्याला परवानगी, आणि आहे तेवढं परत देणारी बेकायदा! पण किसनच्या शेतातली पिवळी पडलेली पात तिथूनही दिसत होती, त्यामुळे त्याचंही चुकतंय असं म्हणता येईना. अर्धवट दळलेली बाजरी घेऊन आम्ही परतलो.

परवा यमुनाबाईंना फोन केला. त्यांनी परवानगीसाठी अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही, गिरणी बंद.

"मग दळण?"

"अकोल्याला नेते जीपनं. वाडीत दुसरी गिरणी कुठंय?"

"आणि किसन?"

"त्यो बी त्याच जीपमधी असतो, गोणी घेऊन. आमी बोलत न्हाई."