फाटकापाशी चालू ठेवलेली मोटार

त्या उन्हाळ्यात मी पाथरीजवळच्या एका गावी मोठ्या शेतकऱ्याची मोटार चालवीत होतो. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मापून मिळायचं, म्हणून मोटार दहा-दहा दिवस छपरातच उभी असे. उभ्या मोटारीतही बॅटरीकडे लक्ष द्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तिच्या तीन कप्प्यांत तेजाब, म्हणजे ॲसिड, मिसळलेलं पाणी असतं आणि शिशाच्या पट्ट्या त्यात बुडालेल्या राहाव्या लागतात. उन्हानं पाणी आटलं की डिस्टिल वॉटर घालायचं. ते परभणीहून आणावं लागे. मी कंटाळा केला. आडाचं पाणी फडक्यानं गाळून ओतलं आणि मालकांनी विचारलं तेव्हा "परभणीचंच हाय" म्हणून सांगितलं.

एका सकाळी मालकांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मालक आणि त्यांचा मुलगा दोघंही हैदराबादला गेलेले. सुईण बाहेर आली ती घामाघूम होऊन.

"लेकरू आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. परभणीला न्या."

मी स्टार्टर दाबला. नुसतं टक् वाजलं. हॉर्नही घोगरा निघाला. झाकणं काढून पाहिलं, तर पट्ट्या उघड्या पडलेल्या आणि त्यांच्यावर पांढरा थर.  हँडल मारून हात भरून आले तरी इंजिन धरेना. शेवटी चार गड्यांनी उतारावर मोटार ढकलली, तेव्हा कुठं ती सुरू झाली.

सुनेला मागं निजवलं, तिचं डोकं आईसाहेबांच्या मांडीवर. आईसाहेब म्हणजे मालकांची बायको. इंजिन जोरात चालतं तोवर डायनॅमो वीज देतो. ते मंदावलं की सगळा भार बॅटरीवर येतो. माझ्या बॅटरीत तर जीवच नव्हता. त्यामुळे खड्डा आला तरी मी पेट्रोलवरचा पाय उचलत नव्हतो, आणि प्रत्येक दणक्याला मागून सून विव्हळत होती.

पुढं रेल्वेचं फाटक बंद मिळालं. गाडी अजून नजरेतही नव्हती. मी गिअर काढून इंजिन तसंच घुमवत ठेवलं. धूर आत येऊ लागला.

"बाबा, बंद कर की जरा," आईसाहेब म्हणाल्या. "पोरगी घुसमटायलीय."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मला बोलावंच लागलं.

"बंद केली तर परत चालू व्हणार न्हाई, आईसाहेब. बॅटरी मेलीय. मी आडाचं पाणी घातलं व्हतं. मालकांना खोटं सांगितलं."

 वळून पाहायचा मला धीर झाला नाही. मग पदरानं वारा घातल्याचा आवाज आला.

"चालू ठेव मग. आमी सोसतो."

मालगाडी आली. तिचे डबे संपता संपत नव्हते. बॉनेटमधून वाफ निघायला लागली होती, तरी मी पेट्रोलवरचा पाय उचलला नाही.

दवाखान्यात सुनेला आत नेलं. दुपारी आईसाहेब पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत." मग मोटारीकडं बघून म्हणाल्या, "आता तरी बंद कर." परत कुठं न्यावं लागलं तर म्हणून, रेडिएटरात पाणी ओतत, मोटार मी तोवर चालूच ठेवली होती.

आईसाहेबांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. पण मालक परतले त्या दिवशी मीच सांगून टाकलं.  ते म्हणाले, "बॅटरी घेऊन पूर्णेला जा. ती सांभाळायला शिकून ये."

पूर्णेला रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्या सांभाळणारे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी माझी बॅटरी बघितली नि म्हणाले, "ये तो गई." मग समजावलं: वीज खर्च होते तसं तेजाब पट्ट्यांत शिरतं आणि पाणी पातळ होतं, परत वीज भरली की तेजाब पाण्यात उतरतं. बॅटरी तशीच उपाशी ठेवली तर पांढरा थर घट्ट होतो, मग तो निघत नाही. आडाच्या पाण्यातले क्षार वर आणखी नुकसान करतात. मोटार उभी असली तरी अधूनमधून चालवून बॅटरी भरायची, तारांची टोकं घासून व्हॅसलीन लावायचं, हेही त्यांनी करून दाखवलं.

नवी बॅटरी आली. मालकांनी मला कामावरून काढलं नाही. मात्र पुढचा महिनाभर पाणी बघायची वेळ आली की ते स्वतः चष्मा लावून येत, एकेक झाकण उघडून आत डोकावत, आणि मी बाटली धरून बाजूला उभा राही.