आपला पेला आपण भरू नये

माणिक गेल्याची बातमी घेऊन त्याच्या गावचा, टेंभुर्णीचा माणूस आला तेव्हा मी कापसाच्या जिनात रुईच्या ढिगाजवळ उभा होतो. "माणिकराव गेले पहाटं," तो म्हणाला, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं की इथंही हाच पुढं गेला. आमच्या दोघांचं आयुष्य असंच गेलं. कुठं जायचं म्हटलं की आधी माणिक, आणि मी मागं जालन्यात हात हलवायला. रडू आलं ते नंतर, घरी जाऊन पाय धुताना. आता महिना उलटून गेला. तुमचा एवढा जिवलग, त्याच्याबद्दल काही लिहा, असं लोक म्हणतात. लिहितो. पण मित्राबद्दल लिहावं तसं गोडगोड माझ्याच्यानं होणार नाही, कारण मी जन्मभर त्याचा हेवा केला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही दोघं जालन्यात एकाच जिनात कापसाची परख करायचो. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची आणि तंतू किती लांब, किती चिवट ते बघायचं, हे आमचं काम. मुंबईच्या एका व्यापाऱ्याची जपानात, कोबे नावाच्या बंदरात पेढी होती. तिथं रुई ओळखणारा माणूस हवा होता. पेढीचे मुनीम जालन्याला आले, दोघांचे हात बघितले आणि मला निवडलं. हे माणिकही कधी नाकारत नसे. पण मी एकुलता एक. दर्यापार गेलास तर आल्यावर आमची तोंडं दिसतील असं धरून चालू नकोस, असं वडील म्हणाले. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी नाही म्हटलं आणि माणिक गेला. मनमाडच्या गाडीत त्याला बसवायला मीच गेलो होतो. गाडी हलताना तो म्हणाला, "तू न्हाई म्हणलास म्हणून मी चाललो." तो भल्या मनानं म्हणाला, मला मात्र जखमेवर मीठ पडल्यासारखं झालं.

लढाईची लक्षणं दिसायला लागली तसा तो परत आला. अंगावर थोडं मांस चढलं होतं आणि बोलण्यात सगळं खाण्यापिण्याचंच. कोबेला पेढीच्या लोकांची खानावळ होती, तिथं डाळ-रोटी मिळायची आणि बाकीचे लोक जन्मभर तेवढंच खाऊन परत यायचे. माणिक मात्र संध्याकाळी मागच्या गल्लीत सटकायचा. तिथं एक दुकान होतं. दाराला कापडाचे पट्टे लोंबत, आत एक लांब फळी, आणि तिच्यापुढं माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. पहिल्या दिवशी त्याच्यापुढं कच्च्या मासळीच्या पातळ फोडी आल्या, अगदी पानाच्या विड्यासारख्या मांडून. तो हाताची घडी घालून वाट बघत बसला. "मला वाटलं, आता शेगडी येईल," तो सांगायचा. शेगडी काही आली नाही. शेजारी गोदामात गठ्ठे तोलणारा हायाशी नावाचा माणूस बसला होता. त्यानं एक फोड काळ्या खारट पाण्यात बुडवली, तिला हिरवा वाटलेला कंद लावला आणि तोंडात टाकून दाखवली. माणिकनं तसंच केलं आणि ते हिरवं थेट टाळूपर्यंत चढलं, कच्च्या मोहरीसारखं. डोळ्यांतून पाणी, आणि सगळं दुकान खूश. शेवयांचं कढण तर तिथं भुरके मारूनच प्यायचं, नाही मारले तर आवडलं नाही असं समजतात. आमच्या घरी भुरका मारला म्हणून मी पाठीत धपाटे खाल्लेत. मी भाकरी कुस्करत हे ऐकायचो आणि समोरची आमटी पाणचट लागायची.

मोठा घोटाळा झाला तो पिण्याच्या वेळी. तिथं तांदळाची दारू चिनी मातीच्या छोट्या सुरईत घालतात, सुरई गरम पाण्यात ठेवून कोमट करतात आणि बोटभर उंचीच्या पेल्यांतून पितात. रिवाज असा, की आपला पेला आपण भरायचा नाही. आपण शेजाऱ्याचा भरायचा, शेजारी आपला भरतो. पुरे झालं असेल तर पेला भरलेलाच राहू द्यायचा. पण माणिक टेंभुर्णीच्या घरात वाढलेला. पानात टाकलं की मार बसायचा. समोर भरलेला पेला ठेवून उठणं त्याला जमेना. तो रिकामा करायचा, हायाशी भरायचा. "मला वाटलं हे आग्रह करून राह्यले, लग्नातल्या पंगतीवानी. आन् त्याला वाटलं, ह्याची तहानच भागंना." शेवटी हायाशीनं त्याला पाठीवर घालून खोलीवर नेलं. हे ऐकून मी पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र जळत पडलो. मला कुणी कधी असं पाठीवर घालून आणलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

येताना त्यानं तसली एक सुरई आणि दोन पेले आणले होते. जालन्याला त्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आम्ही एकदा मोहाची दारू तिच्यात कोमट करून बघितली… दोघांनाही घशाखाली उतरवता आली नाही. मग चहावर आलो. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो सुरईतून माझा पेला भरायचा, स्वतःचा रिकामा ठेवायचा आणि गप्पा मारत बसायचा. हात मोडले का तुझे, म्हणून मी खेकसायचो, तो नुसता हसायचा. शेवटी मी भरायचो. एक घोट झाला की त्याचं सुरू, हायाशी असा ओतायचा, हायाशी तसा धरायचा. तेव्हा मला उमगलं की मला जपानचा नाही, त्या हायाशीचा हेवा वाटतो. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी त्यांचं इतकं जमलं. आणि मी? इतक्या वर्षांचा मित्र, की फक्त गोष्टी ऐकायला बसवलेला कान? हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. विचारायला जीभ रेटली नाही.

मग लढाई पेटली आणि जपानचं नाव काढायचीच चोरी झाली. माणिक फक्त माझ्याशी बोलायचा, तेही दार लावून. शेवटी शेवटी कोबे जळाल्याची बातमी पेपरात आली. हायाशीचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी माणिक भिंतीला टेकून बसला होता, चहा गार झाला. मी समजूत घातली, पण मनात त्या दुःखाचाही हेवा होता. इतक्या लांबच्या माणसासाठी रडावं, असं माझं कुणीच नव्हतं. पुढं त्याची छाती बिघडली, तो टेंभुर्णीला शेतावर गेला आणि आमचं बसणं थांबलं.

परवा मी टेंभुर्णीला जाऊन आलो. गंगूवहिनी, म्हणजे माणिकची बायको, इतक्या वर्षांत कधी माझ्यासमोर बसलेली नाही. माझ्याशी जे काही बोलायची ते आतल्या दाराआडून. त्या दिवशी ती सुरई आणि दोन्ही पेले घेऊन बाहेर आली आणि चटईच्या कडेला बसली. सुरईत चहा होता. पदर सारखा करून तिनं माझा पेला भरला आणि खाली बघून बोलायला लागली.

"भाऊजी, ह्यांनी घरात कधी कुणाला ओतू दिलं न्हाई. मी पाण्याचा तांब्या उचलला की म्हणायचे, राहू दे, मी घेतो. मला वाटायचं, सभाव असंल एकेकाचा. मंग तुम्ही आले की तोच माणूस रिकामा पेला घेऊन बसायचा, तुम्ही भरस्तोवर. मी दाराआडून बघायचे. लय हेवा वाटायचा मला तुमचा."

माझा कुणी हेवा करत असेल हे मला सुचलंच नव्हतं. आणि तो करणारी, त्याच्या घरात राहून, एका दाराच्या अंतरावर. बाहेर बैल सोडल्याचा आवाज आला. वहिनी उठली नाही. तिच्यापुढं दुसरा पेला होता, रिकामा, आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. मी सुरई उचलली आणि तो भरला.