शुक्रवार कोणाचा

माणिकबाई खंडारेंना सत्काराचं पत्र आलं आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. मोर्शीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली ही नर्स बावीस वर्षं दर शुक्रवारी गावाबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत जाऊन जखमा धुते, हे अमरावतीच्या एका संस्थेला कुठूनसं कळलं होतं. वस्तीतल्यांचा रोग कधीचाच बरा झालेला, पण पाय बधिर राहिलेले. काच रुतली तरी कळत नाही अन् जखम वर्ष वर्ष चिघळते. नवरा वारल्यावर माणिकबाईंनी ठरवलं होतं, प्रभूनं क्रूस सोसला तो शुक्रवार, म्हणून हा दिवस त्याचा.

सत्कारही नेमका शुक्रवारीच ठेवलेला.

सून प्रणालीनं मोतिया रंगाची साडी आणली. पाळकांनी रविवारी भर उपासनेत बातमी सांगितली. माणिकबाई आरशासमोर भाषण घोकू लागल्या. लग्नानंतर त्यांच्या गळ्यात कोणी हार घातला नव्हता, हौस होतीच. वस्तीवर त्यांच्याऐवजी जायला एक नवी नर्स कबूल झाली.

शुक्रवारी सासू-सून एसटीत बसल्या. गाव मागे पडलं तोच त्या नर्सचा फोन आला. तिला ताप भरला होता, जमणार नव्हतं.

"आई, एक शुक्रवार चुकला तं काय होते?" प्रणाली म्हणाली.

माणिकबाईंनाही ते पटलं. मन शांत करावं म्हणून त्यांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू केली, तर ओठांवर आलं भाषणाचं पहिलं वाक्य. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. आठ दिवस त्या देवाजवळ बसत होत्या, पण मागत होत्या एवढंच की भाषण चुकू नये, फोटो बरा यावा. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्या ताडकन उठल्या.

"भाऊ, गाडी थांबवा, मले उतरू द्या!" त्यांनी कंडक्टरला हाक मारली. मग सुनेकडे वळल्या. "एक चुकला तं काई नाई होत, पोरी. पण मी आज प्रभूले सोडून हारासाठी चालली. तू जाय, संस्थेवाल्यायची माफी माग."

रस्त्यावर संत्र्यांचे क्रेट भरलेला टेम्पो मिळाला. ड्रायव्हरशेजारी बसून, साडीचा पदर खोचून, त्या अर्ध्या वाटेतच गाणं म्हणू लागल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वस्तीत नत्थुजी ओट्यावर पाय पसरून बसले होते. त्यांच्या टाचेची जखम चौदा महिने भरत नव्हती.

"बाई, तुमाले तं आज अमरावतीले जाचं होतं ना?"

"जाऊन राहिली होती. इथलं काम पयले आठवलं."

त्यांनी पट्टी उलगडली आणि हात थबकले. पू नव्हता, वास नव्हता. टाचेवर पातळ, गुलाबी कातडी धरली होती. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांनी हाका मारून अख्खी वस्ती गोळा केली. जो तो वाकून टाच पाहू लागला. नत्थुजींना स्वतःला ती दिसेना, तर कोणी आरसा आणला. पिशवीतला फोन वाजून वाजून थकला.

दुपारी प्रणाली घरी परतली. माणिकबाईंसाठीचं पदक एका डॉक्टरांना दिलं होतं, आयोजक थोडे नाराज होते. ती चाचरत सांगू लागली, पण माणिकबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि नत्थुजींच्या टाचेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.