शिट्टीसाहेबांचं नाव

ब्रेकताईंकडे जे गाडी शिकले त्यांना ताईंचं खरं नाव बहुधा माहीत नसतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि ताई तो इतक्या सढळ पायाने वापरतात की पहिल्या आठवड्यातच हे नाव शिकणाऱ्याच्या तोंडी बसतं. ताईंना त्याचं काही वाटत नाही. "काहीही म्हणा, पण गाडी भिंतीत घालू नका," एवढंच त्यांचं म्हणणं.

चावीवाल्याच्या दुकानावरची एक खोली म्हणजे त्यांचा वर्ग. भिंतीला चौकाचं मोठं चित्र, त्यावर लोहचुंबकाने चिकटणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी, खिडकीत एक मरतुकडं झाड आणि खाली रस्त्यावर उभी असलेली, टपावर पाटी लावलेली पांढरी गाडी. गाडी एकच. ती चालते म्हणून घर चालतं, इतका साधा हिशेब. क्लच, गिअर, चढावर गाडी उचलणं, रिव्हर्समध्ये दोन गाड्यांच्या मध्ये शिरणं, हे सगळं ताई शिकवतात तसं गावातले इतरही शिकवतात. पण ताईंचा शेवटचा धडा दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्या त्याला "थांबवण्याचा धडा" म्हणतात. गाडी कशी थांबवायची हा नव्हे, तर पोलिसाने थांबवल्यावर माणसाने काय करायचं हा.

गोदामांच्या मागे एक रिकामा खाजगी रस्ता आहे. शिकणारा तिथे ऐटीत गाडी घेऊन येतो, आणि वळणावर कर्कश शिट्टी वाजते. जुना निळा रेनकोट, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी अशा थाटात एक किडकिडीत गृहस्थ आडवे येतात. वर्दी नाही, कारण ती घालणं गुन्हा आहे आणि ताईंच्या शाळेत गुन्हा चालत नाही. हे गृहस्थ म्हणजे ताईंचे यजमान. मुलं त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार, पण रेनकोट चढवला की काय अंगात येतं कोण जाणे! "कुठे चाललास रे? बाहेर ये! जास्त शहाणा झालास का?" असा काही तोफखाना सुरू होतो की भलेभले गांगरतात.

मग ताई बाजूच्या सीटवरून हळूच बोलतात. गाडी कडेला. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. आवाज खाली. नमस्कार करून आधी साहेबांचं नाव विचारा, मग थांबवण्याचं कारण. दंड म्हणाले तर पावती मागा. रस्त्यावर वाद घालू नका, तिथे आपण जिंकत नाही. वाद नंतर, खुर्चीवर बसून, त्यांच्या वरच्या माणसासमोर.

नाव विचारलं की शिट्टीसाहेब गुरगुरत एक नाव सांगायचे. दर वेळी तेच. ताईंना वाटायचं, नवऱ्याला एक नाव सुचलं आणि तेच चिकटलं. या बाबतीत त्यांचं डोकं तसं फार चालत नाही, असं त्या प्रेमाने म्हणायच्या.

हा धडा उगाच आलेला नव्हता. शिट्टीसाहेब एकेकाळी टॅक्सी चालवायचे, आणि झकास चालवायचे. एका संध्याकाळी त्यांना पोलिसाने थांबवलं. "का थांबवलं?" एवढंच त्यांनी विचारलं, पण जरा मोठ्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतून घरी आले ते एका कानाने कायमचे बहिरे होऊन. ताई त्यांना घेऊन चौकीत गेल्या तर टेबलामागच्या माणसाने पेनाचं टोपण काढत विचारलं, "कोणाविरुद्ध तक्रार?" यजमान म्हणाले, "नाव माहीत नाही." माणसाने टोपण परत लावलं. यजमानांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. टॅक्सी विकली, आणि ताई स्वतः गाडी शिकल्या. पुढे शिकवायला लागल्या, तेव्हा हा धडा त्यांनीच घातला. रेनकोट घालून पोलीस होण्याची कल्पना मात्र यजमानांची.

आता मोठ्या बाईंकडे येऊ. निवृत्त मुख्याध्यापिका, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. आयुष्यभर शाळेच्या बसने गेल्या आणि आता साठी उलटल्यावर त्यांना स्वतःची गाडी हवी होती. थांबवण्याच्या धड्यात त्यांनी सगळं बिनचूक केलं, पण उतरल्यावर शिट्टीसाहेबांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "हे ध्यान पाहून कोण घाबरेल? ताई, पुढच्या वेळी जरा खरा वाटेल असा माणूस आणा. माझी उजळणी व्हायला हवी." ताई हसून म्हणाल्या, "बघू हं." त्या दोन शब्दांनीच पुढचं सगळं घडवलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई बाजारपेठेच्या रस्त्याने गाडी चालवत होत्या, अगदी सावकाश. चौकात शिट्टी वाजली आणि खराखुरा पोलीस आडवा आला. गणवेश कडक, काळा चष्मा, पण छातीवरची नावाची पट्टी गायब. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या बाईंचा चेहरा मात्र खुलला. त्या पुटपुटल्या, "अरे वा, हा बरा आणलाय."

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवर ठेवले. ताईंनी त्यांना कोपराने ढोसलं, तशा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगू नका. मला पाठ आहे."

"ए बाई, कागद काढ," पोलीस म्हणाला.

"नमस्कार. आधी आपलं नाव?"

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखत नाही म्हणूनच विचारतेय. पट्टी कुठाय तुमची?"

पोलिसाला आयुष्यात कोणी असं विचारलं नसावं. त्याने तणतणत पूर्ण नाव सांगितलं, आणि मोठ्या बाईंनी हजेरी घेतल्यासारखं ते मोठ्याने परत म्हटलं. फुटपाथवरचे दोन-चार जण थांबले. मग पोलीस खिडकीत वाकला आणि चहापाण्याचं काहीतरी बघा, म्हणजे इथेच मिटवतो, असं म्हणाला.

"पावती देणार का?"

"कसली पावती?"

"मग नाही जमणार," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि एकदम मोकळ्या हसल्या. "छान करताय हो तुम्ही. दहापैकी सात. आवाज चांगला आहे, पण वरचं बटण लावा, आणि तोंडात काही चघळत बोलू नये."

फुटपाथवर हशा पिकला, आणि पोलिसाच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढचं भराभर घडलं. दोघींना खाली उतरवलं, क्रेन बोलावली, गाडी ओढून चौकीच्या आवारात नेली. ओढताना डावा आरसा फुटला. पावती नाही, कारण नाही. "तुझी शाळा बंद नाही पाडली तर बघ," तो जाताना ताईंना म्हणाला. आणि ब्रेकताई, ज्यांनी अर्ध्या गावाला नाव विचारायला शिकवलं, त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांची बोबडी वळली होती. उभी गाडी, बंद इंजिन, तरी त्यांनी खाली उतरेपर्यंत आपला ब्रेक गच्च दाबून धरला होता, हे त्यांना नंतर पाय दुखायला लागला तेव्हा कळलं.

"ताई, तो... खरा होता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"खरा होता."

मोठ्या बाई चपलेच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. "आणि मी त्याला दहापैकी सात दिले!"

संध्याकाळी चावीवाला निरोप घेऊन वर आला. पोलीस त्याच्या ओळखीचा निघाला. ताईंनी येऊन चूक झाली म्हणावं, गाडी उद्याच सोडतो. तक्रारबिक्रार केली तर गाडी आवारात गंजेल. "ताई, मिटवून टाका," चावीवाला कळकळीने म्हणाला. "वाकड्यात कशाला शिरता?" जुन्या शिष्यांपैकीही दोघांनी हेच सांगितलं. ताईंना त्यांचा रागही येईना, कारण त्यांच्या मनातही तेच घोळत होतं. चार पावलं जाऊन चूक झाली म्हणायचं, की गाडी दारात. नाहीतर शाळा, घर, सगळंच टांगणीला.

तरी त्यांनी तक्रार दिली. धैर्याने वगैरे नव्हे. दिली कारण मोठ्या बाई सकाळीच येऊन खुर्ची अडवून बसल्या आणि म्हणाल्या, "मला नाव पाठ आहे. आता तुमचा धडा तुम्हीच गाळणार का?" अर्ज गेला, आणि गाडीविना ते दिवस ताईंनी भिंतीवरच्या चित्रावर खेळण्यातल्या मोटारी फिरवत काढले. शेवटी वरच्या कचेरीतून बोलावणं आलं.

कचेरीच्या बाहेर एक लाकडी बाक होता. एका टोकाला मोठ्या बाई, मध्ये ताई, दुसऱ्या टोकाला शिट्टीसाहेब, इस्त्रीच्या शर्टात. पलीकडे तोच पोलीस भिंतीला टेकून उभा. आज छातीवर पट्टी होती आणि बटणही लावलेलं होतं. तो ताईंकडे टक लावून बघत होता. ताईंनी यजमानांच्या ऐकू येणाऱ्या कानापाशी तोंड नेलं.

"अहो, मला नाही जमायचं. माफी मागते आणि गाडी घेऊन येते."

यजमानांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "अगं, मी ते नाव सांगतो ना, धड्यात. ते मी बनवलेलं नाही."

ताईंना आधी काही कळेना.

"त्याचंच आहे. त्या संध्याकाळच्या माणसाचं. पट्टी होती त्याच्या छातीवर, चांगली वाचली होती मी. टेबलासमोर विचारलं तेव्हा ते नाव घ्यायला जीभच उचलली नाही, माहीत नाही म्हणालो. नंतर रेनकोट घालून कितीतरी लोकांना सांगितलं. ज्याला सांगायचं होतं त्याला सोडून." ते थोडे हसले. "तो माणूस केव्हाच गेला म्हणे. मी मात्र अजून सांगतोच आहे."

ताईंना रडू फुटलं, आणि रागही आला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे माहीत नसावं याचा जास्त. त्यांनी यजमानांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात शिपायाने पुकारा केला.

आतले मोठे साहेब वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. समोर खुर्च्या होत्या. ताईंना ते बरं वाटलं. खुर्चीवर बसून, वरच्या माणसासमोर, असं त्याच तर सांगत आल्या होत्या. साहेबांनी नाक पुसलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कोणाविरुद्ध तक्रार आहे?"

टेबलाखाली ताईंचा पाय फरशीवर दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. त्यांनी तो उचलून घेतला. मग शेजारी उभ्या पोलिसाकडे मान वळवून त्यांनी त्याचं नाव घेतलं, पहिलं, मधलं, आडनाव, स्पष्ट आणि खालच्या आवाजात. पुढचं सोपं गेलं. पट्टी नव्हती, चहापाणी मागितलं, पावती दिली नाही, आरसा फुटला, धमकी दिली. एकामागून एक, जसं घडलं तसं.

पोलीस म्हणाला, बायकांनी भर रस्त्यात माझी टिंगल केली. यावर मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "केली. मला वाटलं, तुम्ही खोटे आहात. खऱ्या पोलिसाने लाच मागितलेली मी याआधी पाहिली नव्हती." साहेबांना खोकल्याची उबळ आली, ती सर्दीची होती की कशाची, हे ताईंना आजही ठरवता येत नाही. ती ओसरल्यावर त्यांनी पोलिसाला एवढंच विचारलं, "गाडी उचलल्याची पावती दाखवा." पावती नव्हती. चपलेच्या दुकानदाराचा जबाब मात्र आला होता, आणि तो ताईंच्याच बाजूचा होता.

गाडी त्याच दिवशी सुटली. पोलिसाला रस्त्यावरून काढून आतल्या कामाला लावलं, पगारवाढ रोखली, आणि साहेबांसमोर त्याला दोघींची माफी मागावी लागली. माफी त्याने दातओठ खाऊन मागितली, पण मागितली. आरशाचे पैसे कोणी दिले नाहीत. ते ताईंनी स्वतःच भरले आणि मोठ्या बाईंनी अर्धे देऊ केले तेव्हा घेतले नाहीत.

शाळा पुन्हा सुरू झाली. आता तर माणसं खास त्या शेवटच्या धड्यासाठी येतात. गाडी चालवणारे जुने ड्रायव्हरसुद्धा येतात, आणि ताईंना हे फार आवडतं. मोठ्या बाई कधीमधी मागच्या सीटवर बसून गुण देतात.

गाडी सुटली त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानातली मुलगी धड्याला आली. गोदामांमागे शिट्टी वाजली. रेनकोट आडवा आला, तोफखाना सुरू झाला. मुलीने गाडी कडेला घेतली, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि विचारलं, "नमस्कार साहेब. आपलं नाव?"

शिट्टीसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आणि मग, धड्यात पहिल्यांदाच, त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं.