बॅटरीच्या पेटीपुढचं निरांजन

"मामी, थांबा. झाकण सोडा आणि आधी मागं या."

गाडी स्टँडवर लावायच्या आधीच मी हे बोलले, त्यामुळं गाडी आडवी पडली. पडू दे म्हटलं. समोर मामींच्या एका हातात पेटलेल्या निरांजनाचं ताट आणि दुसरा हात बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर.

खंडेनवमी होती. घरात जे जे राबतं त्याची पूजा. कुऱ्हाड, विळा, लोकर कापायची कातर, सगळं धुऊन पुसून झेंडू वाहून मांडलेलं. राहिली होती फक्त बॅटरी.

केंदूरच्या वरच्या माळावर आप्पा आणि मामींची ही एकटी वस्ती. लाईटची लाईन खालीच संपते. आप्पा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता बाजरी करतात आणि थोडी मेंढरं ठेवलीत. आमच्या कंपनीनं त्यांना सोलार बसवून दिला होता. एक पॅनेल, एक बॅटरी, घरात दोन दिवे आणि एक वाघरीवर. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं. तो दिवा लांडग्यासाठी. तोच आता मंद व्हायला लागला होता आणि एक कोकरू गेलं होतं. सर मला म्हणाले होते, "बघून ये, नाहीतर सिस्टीम परत न्या म्हणतायत ते."

मी दिवा बघायला आले आणि हे बघितलं.

आता निरांजनाला मी एवढी का घाबरले ते सांगते. ह्या बॅटरीत ॲसिड आणि पाणी असतं. बॅटरी भरत आली आणि वर ऊन कडक असलं की त्या पाण्यातून हायड्रोजन गॅस सुटतो. मोकळ्या हवेत तो उडून जातो, म्हणून आम्ही पेटीला दोन्ही बाजूंना भोकं ठेवतो. मी भोकांकडं बघितलं तर त्यात लोकर गच्च कोंबलेली! माथ्यावर ऊन, बॅटरी फुल, पेटी बंद, आणि झाकणापाशी ज्योत. स्फोट झाला असता तर ॲसिड थेट मामींच्या तोंडावर.

मामींना राग आला होता. "समद्यांची केली, आन् रातभर जागती तिचीच न्हाई व्हय?"

आप्पा पण दुखावले. लोकर त्यांनीच कोंबली होती, आत गांधीलमाश्या घर करायला लागल्या म्हणून. म्हणाले, "आमी लई जपतो ताई. पाव्हण्याला हितं बिडीसुदीक वढू देत न्हाई." आणि पेटीवरचा आमचाच स्टिकर दाखवला. पेटती सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली.

"मग निरांजन, आप्पा?"

"ते देवाचं हाय. ते काय बिडी हाय व्हय?"

मी विषय दुसरीकडून काढला. खाली गावात त्यांच्या भावाकडं गोबर गॅस आहे. विचारलं, त्या टाकीच्या तोंडाशी दिवा लावाल का? आप्पा म्हणाले, "खुळी हायस का."

"हा पण तसाच पेटणारा गॅस आहे. फक्त ह्याला वास नाही, म्हणून कळतच नाही."

आप्पांनी मामींच्या हातातलं ताट घेतलं आणि लांब, पार पॅनेलच्या खांबापाशी नेऊन ठेवलं.

मग काम. पहिलं चार्जिंग बंद करायचं. आप्पांचं घोंगडं मागितलं आणि पॅनेलवर टाकलं. ऊन नाही तर करंट नाही. लोकर उपसली, झाकण हळूच उघडलं आणि तशीच थांबले, हवा खेळू दिली. त्यानंतर फ्यूज काढला. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या टोकांवर, हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड. कोंडलेल्या वाफेनं टर्मिनल खाल्ले होते. म्हणून दिव्यापर्यंत करंट नीट पोचत नव्हता आणि दिवा मंद! म्हणजे मंद दिवा आणि स्फोटाची भीती, दोन्हीचं कारण एकच, ती लोकर. खायच्या सोड्याच्या पाण्यानं टर्मिनल धुतले, पुसले, ठिणगी उडू नये म्हणून टेप गुंडाळलेल्या पान्यानं आवळले, वर व्हॅसलीन. गांधीलमाश्यांसाठी भोकांवर बारीक जाळी ठोकली.

मामी अजून बॅटरीच्या पूजेवर अडून होत्या. शेवटी आप्पाच म्हणाले, "अगं, लक्ष्मी येती वरनं, पॅनेलातनं. पेटीत नुसती निजती. खांबाला कर की पूजा."

मामींना पटलं. लगेच काचेवर कुंकू लावायला निघाल्या. परत मी मध्ये. काच झाकली की करंट कमी, कुंकू खांबाला लावा. "लई नियम बाई तुझं," म्हणाल्या, पण हसल्या. दिवा आता रात्रभर नीट चालतो.

ऑफिसात सर म्हणाले, ही युजरची चूक. मी म्हटलं, "सर, स्टिकरवर सिगारेट आहे आणि त्या घरात बिडी कुणी ओढतच नाही. त्यांनी आपलं शंभर टक्के ऐकलंय."

मग सरांनी निरांजनावर फुली असलेला नवा स्टिकर छापून घेतला. मामींनी तो बघून विचारलं, सणाच्या दिव्यावर फुली मारणारी तू कोण. आता नव्या स्टिकरवर खांबाच्या पायाशी निरांजन आहे, आणि लांब एक पेटी, भोकं उघडी असलेली.

सूचना लिहायच्या आधी त्या घरात काय काय पेटतं ते बघून यावं, एवढंच मी शिकले. आणि गाडी आधी स्टँडवर लावावी. इंडिकेटर अजून तुटलेलाच आहे.