तोंडासमोर फाईल धरणारा माणूस

भंडाऱ्यात कानाची मशीन बसवून देणारा एक माणूस आहे. "ऐकू येते का?" असं तो कोणाला कधीच विचारत नाही. "कमी ऐकणारा मानूस कायलेबी हो म्हनते, भाऊ," त्यानं मला सांगितलं होतं. ओठ दिसू नयेत म्हणून तो तोंडासमोर फाईल धरतो आणि साध्या आवाजात विचारतो, "मावशी, आज भाजी कोणती केली?" उत्तर चुकलं की मशीन काढतो, सेटिंग बदलतो, पुन्हा लावतो. चेहऱ्यावर कंटाळा नाही.

कोंढ्याहून मी आईला घेऊन गेलो, तेव्हा चौथ्यांदा मशीन लावल्यावर ती म्हणाली, "भाजी कायची? चटणीच खाऊन आली."

त्यानं फाईल खाली ठेवली. "आता तुमी बोला."

"आई!" मी ओरडलो.

"आता कायले ओरडता?" तो म्हणाला.

मी आवाज उतरवून बोलायला गेलो. कित्येक वर्षं मी आईशी ओरडून सांगण्यापुरतंच बोललो होतो. जेव. गोळी घे. चल. हळू आवाजात तिच्याशी काय बोलायचं, तेच सुचेना.

त्याच्या ते ध्यानात आलं असावं. बाहेर एवढी रांग असूनही तो उठला आणि दार ओढून निघून गेला. बाहेर तो लोकांना दबक्या आवाजात म्हणाला, "थांबा जरा, अंदर टेस्ट चालू आहे."

आई हसली. कितीतरी वर्षांनी आपलाही आवाज खाली आणून मला म्हणाली, "खोटं बोलून राह्यला तो."