बिनपाण्याची वेल

कुवेतमध्ये फहाहीलच्या एका बंगल्यात मी स्वयंपाकी होतो. साहेब फ्रेंच, तेलाच्या कामावरचे इंजिनियर, आमच्यासारख्या कामगारांकडून हिंदी शिकलेले. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातलं त्यांचं गाव लहान, पण फार जुनं. टेकडीवर पोपच्या किल्ल्याची एक भिंत तेवढी शिल्लक, खाली गोट्यांच्या जमिनीत द्राक्षं आणि घरोघरी वाइनचा धंदा. हे सांगता सांगता साहेबांचं जेवण थंड व्हायचं, मी ते पुन्हा गरम करायचो. मला त्या गावाचं काही पडलं नव्हतं.

साहेबांचे वडील गेल्यावर भावांनी गावचा द्राक्षमळा विकला. साहेबांनी तिथली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मागच्या भिंतीशी लावली. मळ्यातलं तेवढंच आता त्यांचं उरलं होतं. बुडाशी गावाकडचे चार गोटे मांडून त्यांनी मला दटावलं, "पानी नहीं! हमारे गाँव में कोई पानी नहीं देता. जड़ खुद ढूँढती है."

कुवेतच्या वाळूत मूळ काय डोंबल शोधणार? पण हुकूम तो हुकूम. मी एक तांब्याही ओतला नाही. फक्त बाहेरचा नळ तिथेच होता आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, मी तिथेच बसायचो. वजूचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या रत्नागिरीच्या घरातली शिस्त. म्हणून वेलीकडे तोंड करून बसायचो. वाइनच्या वेलीला वजूचं पाणी! आईला कळलं असतं तर तिने मला उभा सोलला असता.

वेल भिंतीवर चढली. साहेब येईल त्या पाहुण्याला छाती फुगवून सांगायचे, "बिना पानी!" मी चहाचा ट्रे पुढे करायचो.

आंब्याच्या दिवसांत मी रजा घेऊन बोटीने घरी गेलो. परत आलो तर वेलीचं सरपण झालेलं.

"तुम थे, तब तक थी," साहेब म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुपार कलल्यावर मी नेहमीच्या जागी वजूला बसलो. उठलो तर साहेब दारात उभे राहून गोट्यांमधल्या ओलीकडे बघत होते.

"हर रोज?"

"पाँच बार, साहब."

आता ओरडतील असं वाटलं. ते खाली वाकले, नखाने बुंध्याची साल खरवडली. आत बारीकसं हिरवं होतं. मग ते घरात गेले.

सूर्यास्ताच्या नमाजाआधी मी नळाशी गेलो, तर जागा अडलेली होती. साहेब बाह्या सारून, वेलीकडे तोंड करून, कोपरापर्यंत हात धूत बसले होते.